बुद्धिबळाच्या इंजिनासाठी संगणक सुधारताना पैसे नेमके कुठे घालावेत

संगणकावर बुद्धिबळाचे इंजिन, म्हणजे चालींचे विश्लेषण करणारा कार्यक्रम, संथ चालते म्हणून महागडे ग्राफिक्स कार्ड विकत घेणारे पालक आणि खेळाडू आजही आढळतात. त्यांतील बहुतेक जण वापरत असतात ते स्टॉकफिश हे इंजिन ग्राफिक्स कार्डाचा उपयोगच करत नाही. त्याचे सगळे काम प्रोसेसरवर चालते, आणि कार्ड पाच हजारांचे असो की एक लाखाचे, त्याचा वेग तसूभरही बदलत नाही. ही एक गोष्ट खरेदीपूर्वी कळली तरी अनेक कुटुंबांचे मोठे पैसे वाचतील. म्हणून या लेखात सुट्या भागांची यादी देण्याऐवजी निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा हे सांगितले आहे: आधी काम ओळखावे, मग वेग मोजावा, मग फुकट मिळणारा वेग पदरात पाडून घ्यावा, आणि त्यानंतरही गरज उरली तरच दुकानाची पायरी चढावी.

पहिली पायरी: नेमके काय संथ आहे ते ठरवा

‘बुद्धिबळाचे सॉफ्टवेअर’ या एका नावाखाली किमान चार वेगवेगळी कामे येतात आणि प्रत्येकाची भूक वेगळी असते.

पहिले काम स्टॉकफिशसारख्या इंजिनाकडून विश्लेषण करून घेण्याचे. अशी इंजिने अल्फा-बीटा पद्धतीने चालींच्या शाखा धुंडाळतात. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून स्टॉकफिश स्थितीचे मूल्यमापन एनएनयूई या लहानशा न्यूरल जाळ्याने करते. ही कल्पना मुळात यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या जपानी खेळासाठी मांडली होती. हे जाळे मुद्दाम प्रोसेसरवर वेगाने चालेल असेच घडवलेले आहे, त्यामुळे ‘न्यूरल’ हा शब्द पाहून ग्राफिक्स कार्डाकडे धावण्याचे कारण नाही. दुसरे काम लीला चेस झिरो या इंजिनाचे. डीपमाइंडच्या अल्फाझिरो या इंजिनाच्या धर्तीवर २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पातील जाळी फार मोठी असतात, आणि ती खऱ्या अर्थाने ग्राफिक्स कार्डावरच चालवायची असतात. तिसरे काम डेटाबेसचे. चेसबेसच्या मेगा डेटाबेसमध्ये एक कोटीहून अधिक डाव असतात, आणि त्यांतून एखादी स्थिती शोधताना डिस्कचा वेग जाणवतो. चौथे काम एंडगेम टेबलबेसचे, म्हणजे थोडेच मोहरे उरलेल्या स्थितींची अचूक उत्तरे साठवलेल्या फाइलींचे, त्याचाही संबंध डिस्कशीच आहे.

डेटाबेस उघडायला वेळ लागतो म्हणून प्रोसेसर बदलणे आणि स्टॉकफिश संथ वाटते म्हणून एसएसडी घेणे, या दोन्ही चुका सारख्याच खर्चिक आहेत. तक्रार कोणत्या कामाची आहे हे एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य लिहिता आले नाही, तर खरेदीची वेळ अजून आलेली नाही.

दुसरी पायरी: आजचा वेग मोजा

इंजिनाचा वेग दर सेकंदाला किती स्थिती तपासल्या या आकड्यात सांगतात आणि त्याला एनपीएस म्हणतात. स्टॉकफिशची फाइल थेट उघडली की काळ्या खिडकीत आज्ञा देता येतात. तिथे ‘बेंच’ (bench) ही आज्ञा दिल्यास इंजिन ठरावीक स्थिती सोडवून शेवटी एनपीएस दाखवते. मात्र काही न सांगता दिलेली ही आज्ञा एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एकच समांतर धागा, आणि १६ एमबी हॅश (हिच्याविषयी पुढे) वापरते, त्यामुळे त्यातून प्रोसेसरमधील फक्त एका कोअरचा, म्हणजे एका गणन-केंद्राचा, वेग कळतो. १७.१ या आवृत्तीपासून ‘स्पीडटेस्ट’ (speedtest) ही आज्ञा मिळू लागली असून ती यंत्रातील सगळे थ्रेड वापरून चाचणी घेते. प्रत्यक्ष विश्लेषणाला जवळचा आकडा तोच आहे. चाचणी घेताना ब्राउझर आणि इतर कार्यक्रम बंद ठेवावेत, लॅपटॉप असल्यास चार्जर जोडावा, आणि चाचणी तीन वेळा घेऊन मधला आकडा टिपून ठेवावा.

या आकड्याचा अर्थ लावताना दोन पथ्ये पाळावी लागतात. तुलना नेहमी त्याच आवृत्तीच्या त्याच फाइलने करावी. नव्या आवृत्तीतील जाळे मोठे असेल तर एनपीएस घटलेला दिसतो, तरीही इंजिन आधीपेक्षा बलवान असू शकते. दुसरे असे की दोन वेगळ्या इंजिनांचे एनपीएस एकमेकांशी ताडून पाहण्यात काहीच अर्थ नाही. १९९७ मध्ये गॅरी कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू ४८० खास चिप वापरून सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. आजच्या आठ कोअरच्या घरगुती डेस्कटॉपवर स्टॉकफिश सेकंदाला साधारण कोटीच्या आसपासच राहते, आणि तरीही ते डीप ब्लूपेक्षा कितीतरी पटींनी बलवान आहे. लीलाचा आकडा तर काही हजारांतही असू शकतो, आणि तेवढ्यावर ती विश्वविजेत्यांच्या तोडीचे विश्लेषण देते.

वेग दुप्पट झाल्याने काय मिळते, हेही आधीच समजून घेतलेले बरे. डेप्थची, म्हणजे इंजिन किती चाली पुढे पाहते त्या खोलीची, प्रत्येक पुढची पायरी गाठायला इंजिनाला आधीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, म्हणून दुप्पट वेगाने त्याच वेळात साधारण एक-दोन पायऱ्याच खोल जाता येते. जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या मुलाचा डाव तपासायला दहा वर्षांपूर्वीचा संगणकही पुरेसा आहे, कारण त्याने वजीर कुठे गमावला हे सांगायला डेप्थ ४० लागत नाही. वेगाची खरी गरज ओपनिंगची सखोल तयारी करणाऱ्यांना, पत्राद्वारे बुद्धिबळ खेळणाऱ्यांना आणि रोज अनेक डाव तपासणाऱ्या प्रशिक्षकांना असते. आपण यांपैकी कोणत्या गटात आहोत, याचे प्रामाणिक उत्तर खर्च ठरवण्यापूर्वीच द्यायला हवे.

तिसरी पायरी: एक रुपयाही न घालता मिळणारा वेग

ही पायरी ओलांडून थेट खरेदीकडे जाणारे सर्वाधिक नुकसान करून घेतात, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

स्टॉकफिश डाउनलोड करताना एकाच आवृत्तीच्या अनेक फाइली दिसतात, त्या प्रोसेसरच्या क्षमतेनुसार वेगळ्या केलेल्या असतात आणि प्रोसेसरला समजणाऱ्या खास सूचनासंचांच्या नावांनी ओळखल्या जातात. अगदी जुन्या यंत्रांसाठी एसएसई ४.१ आणि पॉपकाउंटची फाइल असते, तर २०१३ नंतरच्या इंटेल कोअर मालिकेसाठी आणि एएमडीच्या सगळ्या रायझन प्रोसेसरांसाठी एव्हीएक्स-२ ची फाइल चालते. इंटेलच्या त्याच प्रोसेसरांवर आणि २०२० मध्ये आलेल्या झेन-३ या पिढीपासूनच्या रायझनवर बीएमआय-२ ची फाइल योग्य ठरते. त्याआधीच्या रायझनमध्ये बीएमआय-२ मधील एक सूचना फारच सावकाश चालते, म्हणून तिथे एव्हीएक्स-२ ची फाइलच वेगवान पडते. २०२२ पासूनच्या झेन-४ आणि झेन-५ प्रोसेसरांवर एव्हीएक्स-५१२ च्या फाइली चालतात. मालिकांची नावे पाठ करण्यापेक्षा सरळ मार्ग असा: यंत्रावर चालतील त्या सगळ्या फाइली उतरवून घ्याव्यात, प्रत्येकीवर तीच चाचणी घ्यावी आणि सर्वात मोठा आकडा देणारी ठेवावी. न चालणारी फाइल उघडताक्षणी बंद पडते, तिने दुसरे काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे जुनी, सर्वसाधारण फाइल वापरणाऱ्यांना या एका बदलाने मिळणारी वाढ कधी कधी नव्या प्रोसेसरइतकी मोठी असते. जे ब्राउझरमधील इंजिनावरच विश्लेषण करतात, त्यांनी संगणकावर स्वतंत्र इंजिन बसवले तरी त्यांना मोठा फरक दिसेल.

त्यानंतर इंजिनाच्या सेटिंग्ज पाहाव्यात. स्टॉकफिश मुळात एक थ्रेड आणि १६ एमबी हॅश घेऊनच सुरू होते. ज्या कार्यक्रमातून ते चालवता त्याने हे आकडे वाढवले नसतील, तर आठ कोअरच्या यंत्रातील सात कोअर नुसते बसून राहतात. केवळ विश्लेषणच चालू असेल तर सगळे थ्रेड द्यावेत, सोबत दुसरे काम करायचे असेल तर एक-दोन मोकळे ठेवावेत. हायपरथ्रेडिंगमुळे, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याच्या सोयीमुळे, दिसणारे जादा थ्रेड खऱ्या कोअरइतके बळ देत नाहीत, पण थोडी भर नक्की घालतात.

हॅश म्हणजे आधी तपासलेल्या स्थितींची स्मरणवही. स्टॉकफिशमध्ये एक जीबी हॅशमध्ये साधारण १० कोटी नोंदी मावतात. इंजिन ‘हॅशफुल’ नावाचा आकडा हजारात सांगते. आपले नेहमीचे विश्लेषण जेवढा वेळ चालते तेवढ्या वेळात हा आकडा पाचशेच्या पुढे सरकून भरत चालला असेल, तर हॅश दुप्पट करावी. तो शंभराच्या आतच राहत असेल, तर आणखी रॅम विकत घेऊन काहीही मिळणार नाही. ‘मोठी हॅश म्हणजे बलवान इंजिन’ हा समज फार पसरलेला आहे. त्यामुळे मोजायला सोपा असलेला हा आकडा पाहण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात.

तिसरी सेटिंग मल्टीपीव्हीची, म्हणजे इंजिनाने एका वेळी किती पर्यायी चाली दाखवाव्यात याची. पाच ओळी मागितल्या की एका ओळीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. मुख्य चालीचा कस लावायचा असेल तेव्हा ती एकवर आणावी आणि पर्यायांची तुलना करताना दोन-तीनवर न्यावी. विंडोजच्या पॉवर सेटिंग्जही तपासाव्यात. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या अनेक प्रोसेसरांत जलद आणि किफायती असे दोन प्रकारचे कोअर असतात, आणि खिडकी मिनिमाइझ केल्यावर विंडोज कधी कधी इंजिनाला किफायती कोअरवर ढकलते. विश्लेषण रात्रभर चालवताना खिडकी उघडीच ठेवावी आणि पॉवर मोड सर्वोच्च कामगिरीवर असावा.

चौथी पायरी: उष्णतेचा हिशेब

विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांसाठी ही पायरी प्रोसेसरच्या खरेदीइतकीच महत्त्वाची आहे. इंजिन तासन्‌तास सगळे कोअर पूर्ण भाराने चालवते, आणि खेळांत किंवा कार्यालयीन कामात येणारा क्षणभराचा विसावा इथे मिळत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. खोलीचे तापमान २५ ऐवजी ४० अंश असेल, तर त्याच कूलरखालचा प्रोसेसरही सुमारे तेवढाच, म्हणजे पंधरा अंश, जास्त तापतो. मर्यादा गाठली की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणून चाचणी सुरू केल्यापासून पहिल्या मिनिटाचा एनपीएस आणि वीस मिनिटांनंतरचा एनपीएस यांची तुलना करावी. दुसरा आकडा ठळकपणे खाली आला असेल, तर नव्या प्रोसेसरऐवजी धूळ काढणे, थर्मल पेस्ट बदलणे, कॅबिनेटच्या मागच्या बाजूला एक पंखा बसवणे आणि सोबत आलेल्या लहान कूलरऐवजी उभा टॉवर कूलर लावणे, हाच योग्य खर्च आहे. नवा प्रोसेसर त्याच कोंदट कॅबिनेटमध्ये बसवला तर तोही तसाच मंदावेल.

ज्यांच्याकडे एएम-५ सॉकेटवरचे (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) मोठे रायझन आहेत, त्यांनी बायोसमधील, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमधील, इको मोड जरूर वापरून पाहावा. विजेचा वापर बराच कमी होतो, त्या प्रमाणात वेग मात्र घटत नाही, आणि उन्हाळ्यात रात्रभर चालणाऱ्या विश्लेषणासाठी हा व्यवहार मला सर्वात शहाणपणाचा वाटतो.

पाचवी पायरी: प्रोसेसर निवडणे

वरचे सगळे करूनही वेग कमी पडत असेल तर स्टॉकफिशसाठी पैसे घालण्याची जागा एकच, ती म्हणजे प्रोसेसर. निवडताना एका कोअरचा वेग आणि खऱ्या कोअरची संख्या यांचा एकत्रित विचार करावा. कोअर दुप्पट झाले की एनपीएस जवळपास दुप्पट होतो, पण तीच डेप्थ गाठायचा वेळ निम्मा होत नाही, कारण अनेक थ्रेड एकाच वेळी शोध घेतात तेव्हा त्यांच्या कामाचा काही भाग एकमेकांची पुनरावृत्ती असतो. चारावरून आठ कोअरवर जाणे स्पष्ट जाणवते, आठावरून सोळावर जाणे उपयोगाचे आहे, आणि त्यापुढचा प्रत्येक कोअर व्यावसायिक तयारी करणाऱ्यांनीच विकत घ्यावा असे माझे मत आहे.

सर्वात किफायती सुधारणा बहुधा जुना मदरबोर्ड कायम ठेवूनच होते. उदाहरण म्हणून २०१८ चा रायझन ५ २६०० घ्या. त्यात सहा कोअर आहेत, एव्हीएक्स-२ च्या सूचना तो अर्ध्या रुंदीने पार पाडतो आणि बीएमआय-२ ची ती सूचनाही त्यात सावकाश चालते. त्याच एएम-४ सॉकेटवर आठ कोअरचा, ६५ वॉटचा रायझन ७ ५७००एक्स बसतो, तोही पूर्ण रुंदीच्या एव्हीएक्स-२ सह आणि जलद बीएमआय-२ सह. कोअर वाढले दोनच, पण प्रत्येक कोअर इतका सुधारलेला आहे की एकूण एनपीएस दुपटीच्या आसपास जाईल अशी अपेक्षा ठेवता येते. रॅम, कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी), सगळे तेच राहते. सोळा कोअरचा ५९५०एक्सही त्याच सॉकेटवर बसतो, मात्र स्वस्त बी-४५० बोर्डांचा वीजपुरवठा विभाग १०५ वॉटचा तो प्रोसेसर सतत पूर्ण भाराने चालवायला दुबळा पडू शकतो. त्या बोर्डावर मी आठ कोअरवरच थांबेन.

असा बदल करताना क्रम चुकवू नये. मदरबोर्ड उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपल्या नेमक्या मॉडेलची प्रोसेसर-यादी पाहावी, लागणारी बायोस आवृत्ती टिपावी आणि जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अद्ययावत करावे. त्या वेळी वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. ५७००एक्ससोबत कूलर येत नाही आणि त्यात अंगभूत ग्राफिक्सही नाही, या दोन्ही गोष्टी आधीच हिशेबात धराव्यात.

इंटेलच्या बाबतीत सॉकेट अधिक वेगाने बदलतात. एलजीए-१२०० वर दहावी आणि अकरावी पिढी बसते, एलजीए-१७०० वर बारावी ते चौदावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा इतरत्र तेराव्या-चौदाव्या पिढीचा मोठा प्रोसेसर जुना घेणार असाल तर विशेष काळजी घ्या. या पिढ्यांतील वरच्या मॉडेलांत जास्त व्होल्टेजमुळे कायमची अस्थिरता निर्माण होत असे. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड सुधारून पुढील हानी रोखली आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच बिघडलेली चिप त्याने सुधारत नाही. पैसे देण्यापूर्वी दुकानातच सगळ्या थ्रेडवर अर्धा तास इंजिन चालवून पाहण्याचा आग्रह धरावा.

सहावी पायरी: रॅम आणि डिस्क

रॅमबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. १६ जीबी बहुतेकांना पुरते, लांबलचक विश्लेषणासाठी ३२ जीबी सोयीचे. एकच पट्टी असेल तर सारखीच दुसरी लावून ड्युअल चॅनल करावे आणि बायोसमध्ये एक्सएमपी वा एक्सपो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करावे, नाहीतर महागडी रॅमही मूळच्या संथ गतीने चालत राहते.

डिस्कचे पाहू. डेटाबेससाठी फिरत्या हार्डडिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर गेल्यास शोध आणि फाइली उघडणे डोळ्यांना दिसेल इतके सुधारते. साटावरून एनव्हीएमई या अधिक वेगवान प्रकारच्या एसएसडीवर गेल्याचा फरक त्या मानाने किरकोळ आहे.

टेबलबेसची गोष्ट वेगळी आहे. रोनाल्ड डी मान यांनी तयार केलेल्या सिझिजी टेबलबेसमध्ये पाच मोहऱ्यांपर्यंतचा संच जेमतेम एक जीबीचा आहे, तो प्रत्येकाने ठेवावा. सहा मोहऱ्यांचा संच सुमारे १५० जीबीचा आहे. त्यातील डब्ल्यूडीएल भाग (स्थिती जिंकलेली, बरोबरीची की हरलेली हे सांगणारा) साधारण ६८ जीबीचा असून शोध चालू असताना इंजिन तोच वारंवार वाचते. डीटीझेड भाग (पुढच्या मारापर्यंत किंवा प्याद्याच्या चालीपर्यंतचे अंतर सांगणारा) मुख्यतः प्रत्यक्ष पटावरच्या स्थितीपुरता लागतो. त्यामुळे जागा कमी असल्यास डब्ल्यूडीएल एसएसडीवर आणि डीटीझेड जुन्या हार्डडिस्कवर ठेवावे, इंजिनाला दोन्ही मार्ग देता येतात. डब्ल्यूडीएल हार्डडिस्कवर ठेवल्यास अंतिम खेळात इंजिन मदत मिळण्याऐवजी अडखळते. सात मोहऱ्यांचा संच सुमारे १८ टीबीचा आहे. घरी त्याचा विचारही करू नये, कारण लिचेस या संकेतस्थळावर तो ऑनलाइन पाहता येतो.

सातवी पायरी: ग्राफिक्स कार्ड, फक्त लीलासाठी

लीला वापरायची असे पक्के ठरले असेल तरच या पायरीवर यावे. सर्वात कमी कटकटीचा मार्ग एनव्हिडियाच्या आरटीएक्स मालिकेचा आहे, कारण २०१८ च्या २० मालिकेपासून त्यांत टेन्सर कोअर (न्यूरल जाळ्यांच्या गणितासाठीचे खास घटक) आहेत आणि लीलाचे गणित त्यांवर उत्तम चालते. जीटीएक्स १६ मालिकेत ते नाहीत, म्हणून स्वस्त दिसली तरी या कामासाठी ती टाळावी. कार्डावरील मेमरी किती हे खेळांइतके महत्त्वाचे नाही. लीलाचा शोधवृक्ष संगणकाच्या मुख्य रॅममध्ये वाढत जातो, त्यामुळे रात्रभर विश्लेषण चालवणाऱ्याने ३२ जीबी रॅम ठेवावी आणि इंजिनाला रॅमची मर्यादा घालून द्यावी. कार्ड निवडल्यावर एसएमपीएसची क्षमता तपासावी. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, म्हणजे मोठे कार्ड आणि पूर्ण भारावरचा प्रोसेसर एकत्र चालले की तो ऐनवेळी मान टाकतो.

लॅपटॉप असेल तर

बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बदलता येत नाही आणि पुष्कळांत रॅमही बोर्डालाच जोडलेली असते. अशा वेळी सफाई, योग्य फाइल आणि सेटिंग्ज एवढेच हाती उरते. लॅपटॉपवर आणखी पैसे घालण्यापेक्षा घरी एक साधा आठ कोअरचा डेस्कटॉप ठेवून, स्पर्धेच्या गावी हॉटेलातून एसएसएचद्वारे (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणीने) त्यावरील इंजिन चालवणे मला अधिक पटते. इंजिन आणि पटाचा कार्यक्रम यांच्यात केवळ थोडा मजकूर ये-जा करतो, त्यामुळे मोबाइलचे साधे इंटरनेटही पुरते. ज्यांना वर्षातून एखाद-दोन आठवडेच प्रचंड वेग लागतो, त्यांनी तेवढ्या काळापुरते भाड्याचे क्लाउड इंजिन घ्यावे.

नवा भाग बसवल्यावर टिपून ठेवलेली चाचणी त्याच फाइलने पुन्हा घ्यावी आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. प्रोसेसर बदलला असेल तर त्यानंतर सगळ्या फाइलींची तुलनाही नव्याने करावी. आधी एव्हीएक्स-२ वर अडलेल्या यंत्रावर आता बीएमआय-२ किंवा त्यापुढची फाइल वेगवान ठरू शकते, आणि ती बदलायची राहून गेली तर घातलेल्या पैशांतला काही भाग वापरलाच जात नाही. थ्रेडची संख्याही नव्या प्रोसेसरप्रमाणे हाताने वाढवावी लागते, कारण अनेक कार्यक्रम जुनाच आकडा धरून बसतात.